भरल्या श्वासाचं माप

मी एक जुनी मापाची टेप आहे. पिवळी, मेणकापडाची, दीडशे सेंटिमीटर लांब, दोन्ही टोकांना पितळी पट्ट्या. त्यातली एक पट्टी जरा हलते आणि माझे काही आकडे पुसट झाले आहेत. मित्रांनो, अशी सुरुवात झाली की ऐकणारे लगेच च् च् करायला लागतात. बिचारी! म्हातारी झाली, अडगळीत पडली! म्हणून आधीच सांगून ठेवते, मला कुणाची कीव नको. मी अडगळीत नाही. मी खुंटीवर टांगलेली आहे, अजून ओली आहे आणि उद्या सकाळी मला काम आहे.

मला सांगायचं आहे ते वेगळंच. माझ्यावर एकदा खोटेपणाचा आळ आला. एका पिल्लाचा जीव गेला आणि त्याचं खापर माझ्या माथ्यावर फोडलं गेलं. तेव्हा मला तोंड नव्हतं. आता तुम्ही ऐकताय तर सगळं सांगते, आणि मधे कुणी 'जाऊ दे, झालं गेलं' असं म्हणायचं नाही.

माझा जन्म कारखान्यात झाला, पण त्यात सांगण्यासारखं काही नाही. रंग, मेण, छपाई, कात्री, संपलं. मला माणसात आणलं ते आप्पांनी. आप्पा शिंपी होते. दुकान एवढंसं, की गिऱ्हाईक आत आलं की मशीनवरून उठून आप्पांना भिंतीला टेकावं लागायचं. मी दिवसभर त्यांच्या गळ्यात. तेवीस वर्षं मी छात्या, कंबरा, बाह्या मोजल्या आणि एक गोष्ट पक्की शिकले. माणूस टेपसमोर लबाडी करतो. मी कमरेला लागले रे लागले की पोट आत! तोंड लाल, डोळे छताकडे, श्वास बंद. आप्पा त्यावर काही बोलायचे नाहीत. मला सैल धरून नुसते उभे राहायचे आणि घरच्यांची चौकशी करायचे. गिऱ्हाईक कधीतरी उत्तर द्यायला तोंड उघडायचंच. पोट आपल्या जागी यायचं आणि आप्पा आकडा टिपून घ्यायचे. त्यांची लेक कोपऱ्यात बसून काजं करायची. ती हे सगळं बघायची, पण त्यात काही शिकण्यासारखं आहे असं तिला कधी वाटलंही नसेल. ते तिच्या हवेतच होतं.

पुढे आप्पांची नजर गेली आणि दुकान बंद झालं. लेक तोवर दुसरीकडे नोकरीला लागली होती. बंदराच्या टोकाला एक जुना बर्फाचा कारखाना होता. तिथे समुद्री प्राण्यांचा दवाखाना निघाला होता. किनाऱ्यावर आजारी, उपाशी सापडलेली सीलची पिल्लं तिथे आणायची, बरी करायची आणि परत समुद्रात सोडायची. लेकीचं काम पिल्लांना खाऊ घालणं, हौद धुणं, मापं घेणं. तिथे सगळे तिला ताई म्हणायचे. एके दिवशी एका सीलनं दवाखान्यातली टेप चावून तिचे दोन तुकडे केले. ताई घरी आली, आप्पांच्या खुंटीवरून मला उचललं आणि म्हणाली, "आप्पा, ही नेऊ का?"

"ने की," आप्पा म्हणाले. "इथे काय भिंत मोजणार आहे?"

अशी मी साठीला येऊन नोकरी बदलली. म्हणजे माणसाच्या हिशेबात साठी हं, मित्रांनो. माझं खरं वय सांगायला मी बांधलेली नाही.

पहिल्या दिवशी मला रडूच आलं असतं. जिथे तिथे पाणी, जंतुनाशकाचा वास, माशांचा वास आणि रबरी बुटांची फतक फतक. सिमेंटचे आठ हौद, प्रत्येकावर आकडा. आणि त्यात ती पिल्लं! मोठाले काळे डोळे बघून कुणीही फसेल. पण जवळ गेलात तर हाताचं बोट गेलंच म्हणून समजा. ताई गुडघे टेकून पिल्लाच्या पाठीवर ओणवी व्हायची, त्याच्या डोक्यावर टॉवेल टाकायची आणि दुसरं कुणीतरी मला त्याच्या पोटाखालून सरकवून, वल्ह्यासारख्या पुढच्या पायांच्या बरोबर मागे गुंडाळायचं. तिथलं माप म्हणजे घेर.

त्या दिवशी एका पिल्लाचा घेर ताईनं वाचला आणि ती ओरडली, "चार वाढला! अगं बाई, चार!" आणि मला हातात धरून तिनं चक्क गिरकी घेतली. मला वाटलं, हिचं डोकं फिरलं. आप्पांच्या दुकानात कंबर एक बोट वाढली तरी गिऱ्हाइकाचं तोंड एरंडेल प्यायल्यासारखं व्हायचं. तुम्ही लोक तर चरबी हा शब्द शिवीसारखा वापरता. कुणी उर्मटपणा केला की म्हणता, फार चरबी चढलीय. आणि इथे ही बाई चरबी चढली म्हणून नाचते!

त्याचा उलगडा मला मागच्या खोलीत झाला. तिथे काम करायचे ते सगळ्यांचे मामा. मेलेले प्राणी तपासून ते का मेले हे शोधायचं, हे त्यांचं काम. उंच पोलादी टेबल, त्याला कडेनं पन्हळ, वर एक दिवा. मामा सगळ्यांना नावं ठेवायचे, पण मेलेल्या प्राण्यांशी फार हळू बोलायचे. त्या दिवशी टेबलावर एक पॉरपॉइज होती. डॉल्फिनची ठेंगणी, बोथट तोंडाची चुलत बहीण म्हणा. ताईनं माझ्याकडून तिचा घेर घेतला. अंगावर एक ओरखडा नव्हता. झोपली आहे असंच वाटावं.

"बाहेरून बघ कशी गुळगुळीत," मामा म्हणाले. "आता आतून बघ." त्यांनी एक सरळ काप घेतला आणि पोलादी पट्टी आत उभी धरली. कातडी सोडून द्यायची, दाबायचं नाही, कातडीखालून मांसापर्यंत जो पांढरा थर दिसतो तेवढाच मोजायचा. "अकरा मिलिमीटर. या दिवसांत हिला याच्या दुप्पट तरी हवी होती गं."

"उपाशी?" ताईनं विचारलं.

"उपाशी. किती दिवस, ते पोट बघून सांगतो." मामांनी पट्टी पुसली. "हे लोक काटा बघतात. वजन एवढं, वजन तेवढं. अरे, वजन सांगतं प्राणी केवढा आहे. चरबी सांगते तो किती दिवस टिकणार आहे. गार पाण्यात हेच पांघरूण आणि हीच शिदोरी. शिदोरी संपली की बिचारा पांघरूण खायला लागतो, मग गारठतो, गारठला की शिकार जमत नाही. झालं."

मित्रांनो, त्या क्षणापासून मी बदलले. मला माझ्या तेवीस वर्षांच्या कंबरांची लाजच वाटली. ज्या गोष्टीसाठी माणसं माझ्यापुढे श्वास कोंडायची, तीच गोष्ट एका जिवाला हिवाळ्याच्या पलीकडे नेत होती. तेव्हापासून कुणी चरबीला नावं ठेवली की माझा पारा चढतो.

आता या कामातली खरी मेख सांगते, ती नीट ऐका. सील जमिनीवर असला की श्वास आत घेतो आणि कोंडून धरतो. नाकपुड्या अशा घट्ट मिटतात की जणू नव्हत्याच. घाबरला की हमखास. कधी अर्धं मिनिट, कधी दोन मिनिटं. तेवढा वेळ त्याची छाती फुगलेली असते आणि मी ताणून बसलेली असते. मग एकदम फुस्स! माशाच्या वासाचा गरम वारा बाहेर येतो, छाती खाली बसते आणि मी चार-पाच सेंटिमीटर सैल पडते. ते खरं माप. म्हणजे बघा, माणूस माझ्यापुढे बारीक होतो आणि सील जाडा होतो. लबाडी दोघांचीही, दिशा उलटी.

ताई थांबायची. पिल्लाच्या पाठीवर ओणवी, गुडघ्याखाली गार पाणी, तरी थांबायची. "सोड गं बाई, सोड," म्हणायची. "तुझा श्वास पळवून मी कुठे जाणार?" फुस्स झालं की वाचायची. असं करावं असं तिला कुणी सांगितलं नव्हतं. आणि तिनंही कुणाला सांगितलं नाही. शिंप्याच्या लेकीला ती सांगायची गोष्ट वाटलीच नाही. दवाखान्याच्या भिंतीवर सूचनांचे चार कागद होते. माशाचा लगदा किती पातळ करायचा, हात कसे धुवायचे. श्वासाबद्दल एक ओळ नव्हती. पुढे जे घडलं त्यात तिचीही एवढी चूक आहे. मी तिची असले तरी हे सांगणार.

सात वर्षं मी असं काम केलं. दवाखान्याचा नियम साधा होता. पिल्लाची लांबी शंभर असेल तर घेर सत्तर हवा, लांबी वाढली तर त्या मानानं घेरही वाढायला हवा. शिवाय वजन तीस किलो. दोन्ही जमलं की समुद्र. माझं कौतुक व्हायचं. मामा म्हणायचे, "या टेपला पेन्शन द्या, माणसांना नंतर."

मग नव्या डॉक्टर आल्या. तरुण बाई, हुशार, कष्टाळू, मनानं चांगली. पण पायाला भिंगरी. जेवताना उभी, बोलताना चालत, एका हातात सुई तर दुसऱ्या हातात फोन. मला ती आवडायची, हे मी नाकारत नाही. तिच्या हाताखाली पिल्लं भराभर बरी व्हायची. त्याच हिवाळ्यात एका पिल्लानं ताईचं बोट चावलं, ते भोपळ्यासारखं सुजलं आणि ताईला दीड महिना घरी बसावं लागलं. त्या दीड महिन्यात ठिपका सोडायला तयार झाला. ठिपका म्हणजे कपाळावर पांढरा डाग असलेला पोरगा. लांबी शंभर. वजन तीस. डॉक्टरांनी मला त्याच्याभोवती गुंडाळलं, ठिपक्यानं छाती फुगवली आणि डॉक्टर म्हणाल्या, "बाहत्तर. छान. पुढचा कोण?"

मी ओरडत होते. टेपचं ओरडणं कुणाला ऐकू येतं? डॉक्टर मला अजून सोडवत होत्या, तेवढ्यात त्यानं श्वास सोडला. सदुसष्ट होते ते! सदुसष्ट! पण वहीत बाहत्तर चढलं होतं आणि डॉक्टर पुढच्या हौदाकडे गेल्या होत्या.

तीन आठवड्यांनी ठिपका मामांच्या टेबलावर आला. वाळूत सापडला होता. मामांनी काप घेतला, पट्टी धरली आणि आकडा दोनदा वाचला. "नऊ," ते शेवटी म्हणाले. "नऊ मिलिमीटर. याला सोडला कुणी?"

संचालक आले. त्यांना सगळे सर म्हणत. वाईट माणूस नव्हे, पण हौद आठ आणि पिल्लं बारा हे गणित चोवीस तास डोक्यात. त्यांनी वही उघडली. "इथे तर घेर बाहत्तर लिहिलाय. मग तीन आठवड्यांत असा कसा झाला?"

डॉक्टरांचा चेहरा पांढरा पडला होता. त्यांनी इकडेतिकडे पाहिलं आणि त्यांची नजर माझ्यावर पडली. "ही टेप," त्या म्हणाल्या. "किती जुनी आहे. कापडाच्या टेपा आखडतात. आखडलेली टेप घेर जास्त दाखवते."

"मग फेका ती आणि नवीन आणा," सर म्हणाले.

एवढंच. ना चौकशी, ना खातरजमा. मामांच्या टेबलावर, माझ्यापासून हातभर अंतरावर, पोलादी पट्टी पडली होती. तीस सेंटिमीटरची, कधी न आखडणारी. एकदा तिच्या शेजारी मला लावून पाहिलं असतं तर? अर्ध्या मिनिटाचं काम! पण दोषी सापडला की माणसांना केवढं हलकं वाटतं, ते मी त्या दिवशी पाहिलं. मी आखडले नव्हते. मी एक केसभरही आखडले नव्हते. मी तेव्हाही हेच म्हणत होते आणि आजही म्हणते.

ताई परत आली तेव्हा मी कचऱ्याच्या डब्यात होते. तिनं मला बाहेर काढलं, धुतलं आणि सगळं ऐकून घेतलं. मला वाटलं, आता ही भांडेल. चांगली खमकी आहे, सरांनाही चार शब्द सुनवायला कमी करत नाही. पण ताई खाली बसली आणि म्हणाली, "असेल बाई, आखडली असेल." आणि मला मापाच्या खोलीतल्या खणात ठेवून दिलं. तिनंही मला पट्टीला लावून पाहिलं नाही. का, ते मला नंतर समजलं. मी चुकीची निघाले असते, तर सात वर्षांतली किती पिल्लं तिनं तशीच मरायला सोडली, हा प्रश्न उभा राहिला असता. तिचा धीर झाला नाही. सगळ्या अपमानात मला तोच जास्त लागला.

त्या खणात मी चार महिने काढले. सोबतीला वाळलेली मलमाची ट्यूब आणि तुटकी कात्री. वर नवी टेप आली, प्लॅस्टिकची, बटण दाबलं की सर्रकन आत जाणारी. डॉक्टरांनी जाहीर केलं, "सोडण्याआधीचं माप इथून पुढे मीच घेणार." ठिपका त्यांच्या मनाला लागला होता, हे खरंच. काळजीपोटीच बोलत होत्या त्या. पण टेप बदलली, हात तोच होता आणि घाईही तीच.

मग काठी आली. लांबलचक, शिडशिडीत पिल्लू, म्हणून ताईनंच हे नाव ठेवलं. आली तेव्हा मान दिसत होती. सीलला मान दिसली की समजायचं, चरबी संपत आली. ताईनं तिला नळीनं पाजलं, मग हातानं मासे भरवले, मग ती स्वतः खायला लागली. ताईचा तिच्यावर फार जीव जडला. शनिवारी तिला सोडायचं ठरलं. बोट सांगून ठेवली होती, एक शाळा बघायला येणार होती, आणि दोन नवी आजारी पिल्लं कपडे धुवायच्या टबात पडून होती, हौद रिकामा व्हायची वाट बघत.

गुरुवारी सकाळी माप घ्यायचं होतं. एरवी डॉक्टरांच्या मापाला पिल्लू दुसरंच कुणीतरी धरायचं, पण काठीसाठी ताई स्वतः पाठीवर ओणवी, टॉवेलखाली तिचं डोकं धरून. डॉक्टर मागे, हातात नवी टेप. माझा खण बोटभर उघडा होता, मला सगळं दिसत होतं.

"लांबी एकशे दहा," डॉक्टर म्हणाल्या. "वजन एकतीस. घेर सत्त्याहत्तर हवा... अठ्ठ्याहत्तर! चला, झालं."

आणि त्यानंतर फुस्स झालं.

ताई हलली नाही. तिच्या मनगटावर तो गरम वारा लागला होता. आकडा आधी आणि श्वास नंतर. तिचा चेहरा बघता बघता बदलला.

"डॉक्टर, परत घ्या," ती म्हणाली.

"का? अठ्ठ्याहत्तर आहे की."

"तिनं श्वास सोडला नव्हता."

"बरं, मग?"

त्या 'बरं, मग'मध्ये जराही उद्धटपणा नव्हता, मित्रांनो. डॉक्टरांना खरंच माहीत नव्हतं. ताई त्यांच्याकडे बघत राहिली. "तुम्ही दर वेळी असंच घेता?" तिनं विचारलं. डॉक्टर गोंधळून म्हणाल्या, "म्हणजे कसं?"

तेवढ्यात सर दारात आले. "झालं का? बोटवाल्याला कळवायचंय."

"नाही झालं," ताई म्हणाली. "काठी शनिवारी जाणार नाही."

"अहो ताई, एका श्वासानं असा काय फरक पडणार आहे? ती दोन पिल्लं टबात कुडकुडताहेत. त्यांचा विचार करायचा की नाही?"

"त्यांचाच करतेय. त्यांनाही उद्या असंच सोडाल." ताई उठली, खण ओढला आणि मला बाहेर काढलं. ती तडक मागच्या खोलीत गेली. मामांच्या हातातली पोलादी पट्टी तिनं जवळजवळ हिसकावलीच आणि मला टेबलावर तिच्या शेजारी लावलं. शून्याला शून्य. दहाला दहा. वीसला वीस. तीसला तीस. मग माझा पुढचा भाग, मग त्याच्या पुढचा. रेघेला रेघ. कुठेही तसूभर फरक नव्हता.

"अगं, मी तर कधीच म्हणालो होतो, हिला पेन्शन द्या," मामा म्हणाले. ताईनं मला तोंडाशी धरलं. ती रडत होती, पण रागावून.

परत आल्यावर तिनं काठीभोवती नवी टेप लावली आणि तिच्या शेजारी मला. डॉक्टरांना म्हणाली, "तुम्ही दोन्ही धरा. आणि मी सांगेपर्यंत वाचायचं नाही." काठीनं भलामोठा श्वास आत घेतला आणि नाकपुड्या मिटल्या.

दोन्ही टेपा अठ्ठ्याहत्तरवर ताठ. सरांनी घड्याळ पाहिलं. त्यांचा फोन वाजला, त्यांनी तो बंद केला. फरशीवरून पाणी वाहत मोरीकडे जात होतं. डॉक्टरांचा पाय आपोआप हलायला लागला. ताई म्हणाली, "पाय." पाय थांबला. मामा दारात येऊन उभे राहिले होते. काठी डोळे मोठे करून समोर बघत होती आणि श्वास काही सोडत नव्हती. मी तिला मनात म्हटलं, बाई, माझ्या अब्रूचा आणि तुझ्या जिवाचा प्रश्न आहे, घे हवा तेवढा वेळ, आज मी कुठेही जाणार नाही.

फुस्स.

मी सैल पडले. माझ्याबरोबर ती प्लॅस्टिकची नवी, बटणवाली, तीही सैल पडली. डॉक्टरांनी हळूच दोन्ही ओढून घेतल्या आणि वाकून पाहिलं.

"त्र्याहत्तर," त्या म्हणाल्या. "दोन्हींवर."

डॉक्टर त्या ओल्या फरशीवर तशाच बसल्या. "ठिपक्याच्या वेळी मी थांबले नव्हते," त्या म्हणाल्या. "मला माहीतच नव्हतं. मी त्याला मारलं, ताई."

"मी तुम्हाला सांगितलं नव्हतं," ताई म्हणाली. "मला वाटलं, हे सगळ्यांनाच येतं."

सरांनी घसा साफ केला. "ठीक आहे. झालं ते वाईट झालं. पण शनिवारचं काय? शाळा येणार आहे. आणि ती दोन पिल्लं मी कुठे ठेवू, माझ्या टेबलावर?"

"ठेवा," डॉक्टर उठून म्हणाल्या. डोळे लाल होते, पण आवाज पक्का होता. "टेबल मोठं आहे. शाळेला मी सांगते. पण या त्र्याहत्तरवर मी सही करणार नाही, आणि माझ्या सहीशिवाय बोट निघत नाही."

सरांनी मामांकडे पाहिलं. मामांनी हातांची नऊ बोटं वर केली. सर वळून गेले. तासाभरात त्यांच्या खोलीतून खुर्च्या बाहेर निघाल्या, दोन टब आत गेले, आणि पुढचे कित्येक दिवस सरांनी सगळे फोन जिन्यात उभं राहून केले. कुरकुर केली, पण केले. एकदा त्यांची चप्पलही एका पिल्लानं फाडली.

शाळेची मुलं आली, हिरमुसली. डॉक्टरांनी त्यांना ठिपक्याची गोष्ट सांगितली, स्वतःची चूक न लपवता. मग मला काठीभोवती लावून त्यांनाही थांबायला लावलं. चाळीस पोरं दीड मिनिट गप्प बसली. त्यांच्या शिक्षकांनी आयुष्यात असं पाहिलं नसावं.

त्याच दुपारी डॉक्टरांनी जुनी वही काढली. ठिपक्याच्या पानावर, बाहत्तरच्या शेजारी, त्यांनी लाल शाईनं लिहिलं: 'हे माप भरल्या श्वासावर घेतलं होतं. चूक माझी. टेपची नाही.' खाली सही केली. ताईनं ते मला वाचून दाखवलं. आळ घ्यायला एक मिनिट लागलं होतं, तो पुसायला चार महिने लागले. पण पुसला, आणि शाईनं पुसला. भिंतीवर आता सूचनांचा पाचवा कागद आहे. त्यावर एकच ओळ आहे, मोठ्या अक्षरात: श्वास सुटेपर्यंत थांबा.

काठी आणखी पाच आठवडे राहिली. खाल्लं, झोपली, ताईचं दुसरंही बोट चावायचा प्रयत्न केला. तिची मान हळूहळू दिसेनाशी झाली. जायच्या दिवशी लांबी एकशे अकरा आणि घेर ब्याऐंशी. सोडलेल्या श्वासावर ब्याऐंशी! ताई ओरडली, डॉक्टर ओरडल्या, मामा मागच्या खोलीतून ओरडले, "किती?" त्या दिवशी शाळा नव्हती, फोटोवाले नव्हते, साधा मंगळवार होता. पिंजऱ्याचं दार उघडलं, काठी घरंगळत, हेलकावत पाण्याकडे गेली आणि एका लाटेत शिरली. आभारबिभार काही नाही. वळूनही पाहिलं नाही. ती पुढे जगली की नाही, हे मला माहीत नाही. पण मामांच्या टेबलावर ती आलेली नाही, आणि त्या टेबलावर कोण कोण येतं याकडे माझं लक्ष असतं.

मित्रांनो, माझ्या जातीच्या गोष्टींच्या शेवटी म्हणायचं असतं की आम्हाला जपा, आमची काळजी घ्या. मी नाही म्हणणार. मी एक दिवस फाटणार, त्याला इलाज नाही, आणि माझ्या जागी ती प्लॅस्टिकची बटणवाली बसली तरी चालेल. पोरगी मनानं चांगली आहे, खोटं बोलत नाही. जपायचंच असेल तर ज्याला मोजताय त्याला जपा. एखाद्याचं वजन बघून तो ठणठणीत आहे असं ठरवू नका, आणि एखादं जाडं दिसलं म्हणून हसू नका. त्या थराखाली कुणाची किती दिवसांची शिदोरी आहे, ते तुम्हाला बाहेरून दिसत नाही. मोजा, पण थांबून मोजा. चुकलात तर तुमच्या नावानं लिहा, समोर पडलेल्या मुक्या वस्तूच्या नावानं लिहू नका.

आणि घाईत असाल तर मला हात लावू नका.